हवाबंद घर आणि दोन विहिणी

बापूंच्या घरात ऋतू दोनच होते, पण ते दोन्ही एकाच वेळी आणि एकाच खोलीत असायचे. खोलीतल्या डाव्या खाटेवर बापूंच्या आई. त्यांना बारा महिने उकडायचं. उजव्या खाटेवर बापूंच्या सासूबाई. त्यांना बारा महिने थंडी वाजायची. मध्ये खिडकी. आई ती उघडायच्या, सासूबाई लावायच्या आणि ह्या उघडझापीत बिचाऱ्या खिडकीच्या बिजागऱ्या झिजून चालल्या होत्या.

दोघी एकमेकींशी बोलत नसत. बोलणं व्हायचं ते तिसऱ्या माणसामार्फत, आणि तो तिसरा माणूस नेहमी बापूच असायचे.

"बापू, तुझ्या सासूबाईंना सांग, माणसाला श्वास घ्यावा लागतो."

"जावईबापू, विहीणबाईंना सांगा, श्वास नाकानं घेतात. खिडकीनं नाही."

दोन्ही खाटांमधून एक माणूस जेमतेम आडवा जाईल एवढीच जागा होती, तेव्हा निरोप पोचवायला बापूंना मान वळवण्यापलीकडे काही करावं लागत नसे. पण निरोप पोचवावा मात्र लागे. "ऐकलं त्यांनी" एवढ्यावर कोणीही समाधान मानत नसे.

अखेर बापूंच्या बायकोनं फर्मान काढलं, की गच्चीवर एक खोली काढायची. दोघींपैकी कोणी वर जायचं, हा प्रश्न तिनं 'ते नंतर बघू' ह्या सदरात टाकला. संसारातले निम्मे प्रश्न ह्याच सदरात पडलेले असतात, आणि ते तिथे गुपचूप वाढत असतात, हे बापूंना माहीत होतं. पण त्यांना खोलीचा विचार आवडला. चार भिंती, एक दार, एक खिडकी. खिडकी एकीच्या मालकीची झाली म्हणजे भांडण संपलं. इतकं सोपं गणित!

इथे बापूंच्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बापू वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते बाजारातून चालले की दुकानदार तराजूच्या पारड्यावर माशीसुद्धा बसू देत नसत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं वजन केसभर हलकं भरलं, तेव्हा बापूंनी ते जागच्या जागी जप्त केलं होतं. तो गयावया करू लागला तर ह्यांनी फक्त चष्मा पुसला आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम." हे वाक्य बापू इतक्या शांतपणे म्हणत, की समोरच्याला रडावंसंही वाटत नसे.

तर असे हे बापू खोलीचा नकाशा गुंडाळून परवानगी कार्यालयात गेले. तिथे त्यांची गाठ पडली ती गळतीसाहेबांशी. साहेबांचं खरं नाव काहीही असो, सगळं कार्यालय त्यांना ह्याच नावानं ओळखायचं. ऊर्जा संहितेप्रमाणे घर हवाबंद आहे की नाही, हे तपासणं त्यांचं काम. घर गार किंवा ऊबदार करायला वीज लागते, आणि ती गार किंवा ऊबदार हवा फटींतून पळून गेली की वीज वाया जाते, असा सगळा हिशेब. साहेब कुठल्याही खोलीत शिरले की आधी दाराखालची फट बघायचे आणि मग माणसं.

"घर कधी तपासायचं?" त्यांनी विचारलं.

"घर बांधून झालंय, साहेब. बांधायची आहे ती खोली."

"जिना कुठे उतरतो?"

"घरात."

"मग खोलीतली हवा कुठे उतरणार?"

"घरात."

"आणि घरातली हवा कुठे जाते?"

ह्या प्रश्नाचा बापूंनी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ते म्हणाले, "जिथे जायची तिथे जाते."

"तेच आम्हाला नको आहे," साहेब म्हणाले. "जिना घरात उतरतो, म्हणजे घर आणि खोली एकच. आधी अख्खं घर गळतीच्या चाचणीत पास व्हायला हवं. मग खोलीचं बघू. त्याला इलाज नाही. नियम म्हणजे नियम."

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात बघण्यासारखं आहे. ओळख पटते, पण मागता येत नाही. बापू मुकाट्यानं घरी आले.

चाचणीच्या दिवशी गळतीसाहेब एक यंत्र घेऊन आले. पुढच्या दाराच्या चौकटीत त्यांनी लाल कापड ताणून बसवलं, कापडाच्या मध्यभागी एक दांडगा पंखा. हा पंखा घरातली हवा बाहेर फेकणार, की बाहेरची हवा जिथे फट असेल तिथून आत घुसणार, आणि किती घुसली ते काटा दाखवणार. घरातल्या सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून स्वस्थ बसायचं. तोवर रस्त्यावर प्रेक्षक जमले होतेच. लाल कापड बघून कोणाला वाटलं दुकान निघतंय, कोणाला वाटलं जादूचे प्रयोग आहेत.

पंखा सुरू झाला आणि बापूंच्या घरानं जे काही केलं, ते एखाद्या भल्या घरानं चारचौघांत करू नये. सगळे पडदे पोट फुगवून आत आले. मोरीनं मोठ्यानं ढेकर दिली. कुलपाच्या भोकातून शीळ वाजू लागली. दिव्याच्या बटणाशी बापू वाकले तर बटणानं त्यांच्या कपाळावर फुंकर मारली. कपाटामागून एक हरवलेला मोजा आपल्या पायानं चालत बाहेर आला.

सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "जावईबापू, विहीणबाईंना सांगा, आता तरी खिडकी लावा!"

"बापू, त्यांना सांग, लावलेलीच आहे!"

काटा पार टोकाला जाऊन थरथरत उभा राहिला. साहेब म्हणाले, "ह्याला घर म्हणत नाहीत. ह्याला चाळणी म्हणतात."

कापडापलीकडून किराणावाल्याचा आवाज आला. त्यात सहानुभूती होती, पण ती वजनात जरा कमी भरत होती. "काय साहेब, कुठे थांबला काटा?"

बापूंच्या मानी मनाला ते फार लागलं. त्या क्षणी त्यांनी खोली, आई, सासूबाई सगळं बाजूला ठेवलं आणि मनाशी ठरवलं, की हे घर पास करून दाखवायचं.

मग शेजारचे निवृत्त स्टेशनमास्तर मदतीला आले. न बोलावता येणं हा त्यांचा स्वभाव होता आणि वेळेआधी येणं ही त्यांची शिस्त. ते म्हणाले, "बापू, हवा म्हणजे विनातिकीट प्रवासी. एका डब्यातून उतरवलात की दुसऱ्या डब्यात चढतो. एकाच वेळी सगळी दारं धरायला हवीत." आणि त्यांनी शिट्टी वाजवावी तसे गाल फुगवून कामाला सुरुवात केली.

खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या. छताखाली उष्णतारोधक लोकरीचा थर देऊन त्यावर पत्रे मारले, त्यामुळे छत इतकं खाली आलं की बापू दिव्याखालून जाताना आपोआप नमस्कार करू लागले. गरम पाण्याच्या नळीला घसा दुखणाऱ्या माणसासारखं गुंडाळलं. दारांना रबर, चौकटींच्या फटींत फुगून घट्ट होणारा फेस, बटणांना गाद्या. स्टेशनमास्तरांना तर भोक दिसेल तिथे मेण भरायचा नादच लागला. दोन दिवस बापूंना कपाट उघडता येईना, कारण किल्ली आत जाईना.

घर खरोखर हवाबंद झालं. इतकं झालं की पुढचं दार लावलं की न्हाणीघराचं दार आपोआप उघडायचं, मग आत कोणी असो वा नसो. कांदा परतला की त्याचा वास मुक्कामाला राहायचा आणि दुसऱ्या कांद्याशी ओळख करून घेऊनच जायचा. स्टेशनमास्तर एकदा आत असताना दार धाडकन लागलं, तर त्यांचे दोन्ही कान बंद झाले. "बोगद्यात शिरल्यासारखं वाटलं हो," ते कौतुकानं म्हणाले.

बापू छाती काढून कार्यालयात गेले. म्हणाले, "या आता! मुंगीला श्वास घेता येणार नाही!"

हे वाक्य शेजारच्या टेबलावर ऐकलं गेलं आणि तिथेच घात झाला. तिथे हवासाहेब बसत. घरात पुरेशी ताजी हवा येते की नाही, हे बघणं त्यांचं काम. ते गोल चेहऱ्याचे, दयाळू गृहस्थ होते.

"मुंगीचं जाऊ द्या," ते म्हणाले. "माणसं श्वास कशी घेतात?"

बापू गडबडले. "घेतात आपली… सवयीनं."

"तसं चालणार नाही. भिंतीला भोक पाडा आणि हवेचा पंखा बसवा. नाहीतर मी सही करणार नाही."

"भोक?" गळतीसाहेबांनी मान वर केली, पण हवासाहेबांकडे न बघता. "भिंतीला? ह्यांना सांगा, मग मी सही करणार नाही."

ह्या दोन साहेबांची टेबलं एकमेकांना चिकटलेली होती, पण दोघांत बोलणं नव्हतं.

"त्यांना सांगा, माणसं गुदमरतील," हवासाहेब म्हणाले.

"त्यांना सांगा, वीज गुदमरतेय," गळतीसाहेब म्हणाले.

ह्या कामाचा जेवढा अनुभव बापूंच्या गाठीशी होता तेवढा त्या अख्ख्या इमारतीत कोणाला नव्हता. त्यांनी मान इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी अर्धा दिवस वळवली. कठोर शब्द वाटेत थोडे मऊ केले, दोन-चार गाळलेही. शेवटी, भोक पाडायचं पण त्याला आपोआप मिटणारी झडप लावायची, असा तह झाला. तो दोघांनाही तितकासा आवडला नाही, म्हणजे तो न्याय्यच असणार.

दुसऱ्या चाचणीला पंखा फिरला आणि घर गप्प राहिलं. पडदे हलले नाहीत, मोरी बोलली नाही. बापूंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. काटा हळूहळू खाली आला, खाली आला, पासच्या रेघेला टेकणार, आणि अचानक टुणकन वर उडाला.

"नापास," गळतीसाहेब म्हणाले. "थोडक्यात."

'थोडक्यात' हा शब्द बापूंनी दुकानदारांना कितीतरी वेळा ऐकवला होता. तो इतका मोठा असतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

मग शोध सुरू झाला. साहेबांकडे धुराची एक कांडी होती. फटीपाशी धरली की धूर हलायचा. ती घेऊन दोघं घरभर फिरले. पलंगाखाली सरपटले, मोरीत डोकं घातलं. धूर सगळीकडे सरळ उभा. म्हाताऱ्यांच्या खोलीतही बघितलं. खिडकी घट्ट लावलेली, आई पाठ करून पदरानं वारा घेत बसलेल्या, सासूबाई पाठ करून शाल पांघरून बसलेल्या. सगळं नेहमीसारखं. हे दोघं बाहेर आले की काटा पुन्हा वर. आत गेले की खाली.

"घर लाजतंय बहुतेक," स्टेशनमास्तर म्हणाले. "काही इंजिनं अशी असतात. फोरमन आला की नीट चालतात."

तिसऱ्या चाचणीच्या वेळी बापूंनी ठरवलं, की आपण बाहेर राहायचं. फट आतून दिसत नसेल तर बाहेरून दिसेल. पंखा सुरू झाला आणि बापू आपल्याच घराभोवती चोरासारखे फिरू लागले. ओला तळहात भिंतीवर फिरवायचा, हवा लागते का बघायचं, मग भिंतीला कान लावायचा. येणारेजाणारे थांबून बघत होते. वजनमापे खात्याचा निरीक्षक भिंतीच्या छातीला कान लावून उभा आहे, हे दृश्य काही रोज दिसत नाही. किराणावाल्यानं तर दुकान सोडून समोर येऊन विचारलं, "ठोके लागतात का?"

बापूंनी भिंतीवरून कान काढला. ते कुंड्यांच्या मागून घराच्या मागच्या बाजूला वळले, आणि तिथेच थबकले. म्हाताऱ्यांच्या खोलीची खिडकी दोन बोटं उघडी होती. आणि ती दोन बोटं सासूबाईंची होती.

सासूबाई! ज्यांनी ह्या खिडकीची फट बुजवण्यासाठी एकदा स्वतःची उशी उसवून कापूस काढला होता, त्या सासूबाई! त्या शालीत डोकं गुंडाळून, डोळे मिटून खिडकीशी उभ्या होत्या, आणि बाहेरचा वारा पंख्याच्या ओढीनं सूं सूं करत थेट त्यांच्या तोंडावर आपटत होता.

"अजून जरा उघडा," आतून आईंचा आवाज आला.

"उघडलीय की हो. कानात शिरतोय वारा."

"ही उशी धरा कानाशी. थोडं सोसा. मी दाराकडे बघतेय."

"आणि आज झालंच पास तर?"

"होत नाही. दोन वेळा झालं का? आपला हात आहे तोवर होत नाही."

सासूबाईंनी उशी कानाशी धरली. मग सासूबाई म्हणाल्या, "वर एकटीनं करायचं तरी काय, विहीणबाई? भिंतीशी भांडायचं?"

"उलट बोलत नाही तिच्याशी काय भांडायचं! आणि तुम्ही वर गेलात तर माझा चष्मा कोण शोधणार? ह्या दोघांना स्वतःचा सापडत नाही."

"मला तर तुमची धुसफूस ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही. पहिल्यांदा फार राग यायचा हो तुमचा."

"मला अजून येतो," आई म्हणाल्या. "श्श! पावलं वाजली. लावा."

खिडकी बंद झाली.

बापूंना पहिल्यांदा आला तो संताप. म्हणजे ह्या बोलतात! इतकी वर्षं आपण मान इकडून तिकडे वळवत राहिलो, मानेला पट्टा लावायची वेळ आली, आणि ह्या आपण पाठ फिरवली की गप्पा मारतात! हे निरोप कोणाचे कोणाला पोचवत होतो आपण? एखाद्या पोस्टमननं आयुष्यभर पत्रं वाटावीत आणि शेवटी कळावं की लिहिणारा आणि वाचणारा एकाच ताटात जेवतात, तसं त्यांचं झालं.

मग त्यांना आठवलं, की खोलीचा विचार करताना सगळ्यांना विचारलं होतं. नकाशेवाल्याला, गवंड्याला, स्टेशनमास्तरांना, अगदी किराणावाल्यानंही न विचारता मत दिलं होतं. विचारलं नव्हतं ते फक्त ह्या दोघींना.

खिडकी पुन्हा दोन बोटं उघडली. ह्या वेळी सासूबाईंचे डोळे उघडे होते आणि समोर कुंड्यांमध्ये जावई उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आतून आईंनी विचारलं, "काय झालं?" आणि त्याही काचेशी आल्या. अखेर सासूबाईंनाच आपलं नातं आठवलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "वाऱ्यात उभे राहू नका. पडसं होईल."

बापू पुढच्या दाराशी आले. गळतीसाहेबांनी पंखा थांबवला, कापड बाजूला केलं आणि विचारलं, "सापडलं काही बाहेर?"

आयुष्यात बापूंनी केसभर वजनाचीही गय केली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला, नीट पुसला, पुन्हा लावला.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही सापडलं. गळकंच आहे घर. लिहा नापास."

साहेबांनी लिहिलं. नापासाच्या कागदावर इतक्या आनंदानं सही करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

बायकोला बापूंनी सगळं सांगितलं. ती ताडताड खोलीत गेली. "आई, कधीपासून बोलता तुम्ही दोघी?"

"तू कामाला बाहेर पडायला लागलीस तेव्हापासून," सासूबाई म्हणाल्या.

"मग आमच्यासमोर का नाही?"

आई म्हणाल्या, "तुमच्यासमोर बोललो असतो तर तुम्ही आमच्याकडे लक्ष कशाला दिलं असतं?"

ह्यावर बायको स्वयंपाकघरात गेली. तिनं चहा टाकला. गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण बिंग फुटल्यावर आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि वर्षानुवर्षं दबक्या आवाजात बोललेल्या दोन बायका आता मोकळ्या गळ्यानं बोलू लागल्या. सकाळी चहाबरोबर सुरू व्हायच्या. दोघींकडे मिळून विषय एकच होता, आणि तो म्हणजे बापू.

"लहानपणी तो पायऱ्या मोजल्याशिवाय चढायचा नाही."

"तरीच! आमच्या हिला तेव्हा दुसरं स्थळ आलं होतं. काय उंच मुलगा होता हो. पण ही म्हणाली हाच."

"तुम्ही अडवायचं नाही का?"

घर हवाबंद असल्यामुळे आतला एकही शब्द बाहेर जात नव्हता. सगळे शब्द बापूंच्या वाट्याला येत होते. खिडकीचं भांडण चालूच होतं, फक्त ते आता थेट चालायचं आणि त्यात शेवटी दोष बापूंनी बसवलेल्या दुहेरी काचेला जायचा. बापूंनी एकदा 'जरा हळू' असं म्हणून पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एका सुरात म्हणाल्या, "असाच आहे तो."

दुसऱ्या दिवशी बापू परवानगी कार्यालयात हजर झाले.

"पुन्हा खोली?" गळतीसाहेबांनी विचारलं. "आता कोणासाठी?"

"माझ्यासाठी," बापू म्हणाले. "लहानशी. मला एकट्याला बसता येईल एवढी. गच्चीवर नको. मागच्या अंगणात, घरापासून होईल तितकी लांब."

"घराला चिकटून नाही?"

"शिवूनसुद्धा नाही."

"मग अख्ख्या घराच्या चाचणीची गरजच नाही," साहेब म्हणाले. "अंगणातल्या एवढ्याशा सुट्या खोलीला ती लागत नाही."

बापूंनी टेबलाचा काठ धरला. "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही जिना घरात उतरतो म्हणालात."

हवासाहेबांनी शेजारून, कोणाकडेही न बघता, सही करून दिली.

गवंडी आला. त्यानं मागच्या अंगणात दोऱ्या ताणल्या आणि चुन्यानं जमिनीवर खोली आखली. चार पांढऱ्या रेघा, एका बाजूला दारासाठी सोडलेली जागा. बापू बराच वेळ ती खोली बघत उभे राहिले. मग सामान कुठे उतरवायचं ते गवंड्याला दाखवायला पुढच्या फाटकाशी गेले.

परत आले तेव्हा चुन्याच्या रेघांच्या आत दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीत आई, एकीत सासूबाई. आईंनी पाय पसरले होते. सासूबाईंनी शाल मांडीवर घेतली होती, पण पांघरली नव्हती.

"हवा छान आहे हो इथे," आई म्हणाल्या.

"आणि वारा अंगावर येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "नुसता बाजूनं जातो. जागा बरोबर निवडली जावईबापूंनी."

बापूंना सांगायचं होतं, की ही खोली माझी आहे. ते तरातरा पुढे निघाले.

"अरे, अरे!" आई खेकसल्या. "भिंतीतून काय येतोस! दार तिकडे आहे."

बापूंचा पाय रेघेवर अधांतरी थांबला. त्यांनी तो मागे घेतला, रेघेच्या कडेकडेनं वळसा घातला आणि दारातून आत आले.